जुन्या आज्ञावल्या आणि हौशी कारागीर

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत आहेत, अक्षरही पुष्कळ ठिकाणी स्पष्ट आहे. परंतु ज्याला मोडी लिपी येत नाही त्याच्या दृष्टीने त्या रुमालात काहीच नाही. तेथे लेख नाहीसा झालेला नाही, वाचणारा दुर्मिळ झाला आहे. संगणकाच्या जुन्या आज्ञावल्यांचे, म्हणजे ज्यांना व्यवहारात सॉफ्टवेअर म्हणतात त्यांचे, दुखणे बरेचसे याच जातीचे आहे. आज्ञावली झिजत नाही, तिला गंज चढत नाही. १९९५ साली लिहिलेली ओळ आजही जशीच्या तशी असते. बदलते ते तिच्या भोवतीचे जग; आणि एके दिवशी असे होते की, तिचे म्हणणे समजून घेणारा संगणकच घरात उरत नाही.

या प्रश्नाची झळ कारखान्यांना लागते, तशीच ती घरगुती इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या माणसालाही लागते; किंबहुना त्याला ती अधिक लागते. कारखान्याजवळ पैसा असतो, जुनी यंत्रणा काढून नवी बसवता येते. परंतु मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या तपकीर गल्लीतून अथवा बंगळूरच्या एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून, घरच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न तापवून ज्याने गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी सांगणारे यंत्र तयार केले, त्याच्या यंत्राची दुसरी प्रत जगात नसते. त्याची माहितीपुस्तिका नसते आणि दुरुस्ती करणारा दुकानदारही नसतो. अशा यंत्राची आज्ञावली चालेनाशी झाली की, एकही भाग बिघडलेला नसताना ते मुके होऊन बसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे संगणकाच्या पाठीमागे असणारे समांतर पोर्ट. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्याला छपाईयंत्र जोडण्यासाठी पंचवीस पिनांची एक खाच असे. पुढे वर्षानुवर्षे घरगुती संगणकांना ती असावयाचीच. दोनपासून नवापर्यंतच्या आठ पिनांवर संगणक पाच व्होल्टचा दाब आणू शके किंवा काढून घेऊ शके. हौशी मंडळींनी ताडले की, येथे छपाईयंत्रच जोडले पाहिजे असे कोठे आहे? प्रत्येक पिनेला एकेक रोधक आणि एकेक एलईडी दिवा जोडावा, क्यूबेसिक सुरू करावे आणि ‘आउट ८८८, २५५’ एवढी एक ओळ लिहावी. आठही दिवे लागत. २५५ च्या जागी शून्य लिहिले की आठही विझत. ८८८ हा त्या पोर्टाचा पत्ता. दिव्याऐवजी ट्रान्झिस्टर आणि रिले बसवला म्हणजे तीच ओळ पाण्याचा पंप चालू करी. उलट दिशेने बाहेरची माहिती आत घेण्यासाठी पाच पिना होत्या; त्यांपैकी अकरा क्रमांकाची पिन उलटे उत्तर देई, होय असता नाही म्हणे. या एका पिनेने किती नवशिक्यांच्या रात्री खाल्ल्या असतील त्याची गणती नाही. एलईडी दिवे, रोधक आणि एक केबल एवढ्या अल्प सामग्रीत यंत्रनियंत्रणाचे मर्म हाताला लागावे, असे साधन त्यानंतर क्वचितच मिळाले.

हे इतके सोपे होते याचे कारण त्या काळच्या डॉस या प्रणालीत दारावर पहारेकरीच नव्हता. कोणतीही आज्ञावली थेट पोर्टाशी बोलू शके. विंडोज ९५ आणि ९८ यांनीही ही मोकळीक राहू दिली. विंडोज एनटीच्या घराण्याने मात्र ती बंद केली, आणि २००१ साली विंडोज एक्सपीच्या रूपाने तेच घराणे घरोघर पोचले. पोर्टाशी बोलावयाचे तर प्रणालीच्या परवानगीने, तिने नेमलेल्या मध्यस्थामार्फत, असा दंडक झाला. यात प्रणालीचा दोष काढता येणार नाही. एका चुकार आज्ञावलीने सारा संगणक बंद पाडू नये, ही अपेक्षा रास्तच होती. परंतु जुन्या आज्ञावल्यांना या दंडकाची वार्ताच नव्हती. त्या पूर्वीसारख्या सरळ दाराशी गेल्या आणि अडवल्या गेल्या. पुढे यूएसबी आले आणि ती पंचवीस पिनांची खाचच संगणकावरून नाहीशी झाली. यूएसबीला जोडून तशीच खाच देणारी केबल बाजारात मिळते खरी. पण ती छपाईयंत्रापुरतीच कामाची. ८८८ हा पत्ता तिच्यामागे नसतोच. दुकानात ती पाहून हरखलेला माणूस घरी येऊन निराश होतो.

मग अशा आज्ञावल्या वापरात ठेवावयाच्या कशा? पहिला मार्ग जुना संगणकच जतन करण्याचा. हा मार्ग भाबडा वाटतो, पण पोर्टाशी थेट बोलणाऱ्या आज्ञावल्यांसाठी अजूनही तो सर्वांत खात्रीचा आहे. मात्र जुना संगणक कपाटावर ठेवून देणे म्हणजे जतन करणे नव्हे. त्याच्या मुख्य फलकावरील बॅटरी काही वर्षांनी मरते, आणि संगणक आपली तारीख व आपल्याला जोडलेल्या तबकडीची माहिती विसरतो. त्याहून जुन्या फलकांवरील पुनर्भारित बॅटरी तर पाझरते आणि तिच्या क्षाराने तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. ती वेळीच काढून टाकलेली बरी. वीजपुरवठ्यातील कपॅसिटर फुगतात. फिरती तबकडी केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो, म्हणून तिची संपूर्ण नक्कल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. जुन्या कॅमेऱ्यांत असे ते कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड एका स्वस्त जोडणीने तबकडीच्या जागी बसते, आणि त्यात फिरणारा भागच नसतो. असा संगणक इंटरनेटच्या जाळ्याला जोडू नये, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच्या प्रणालीतील उणिवा बुजवणारे आता कोणी नाही.

दुसरा मार्ग नव्या संगणकाच्या पोटात जुन्याचे सोंग उभे करण्याचा. आजच्या चौसष्ट बिटी विंडोजवर डॉसच्या काळातील सोळा बिटी आज्ञावल्या मुळीच चालत नाहीत. बत्तीस बिटी रूपात मिळणारी घरगुती विंडोजची शेवटची पिढी म्हणजे विंडोज १०, आणि तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा वेळी डॉसबॉक्स ही विनामूल्य आज्ञावली कामास येते. ती २००२ पासून उपलब्ध आहे आणि एका खिडकीत जुना संगणक हुबेहूब उभा करते. गंमत अशी की, काही जुन्या आज्ञावल्यांना नवा संगणक अडतो तो त्याच्या वेगामुळे. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या पुष्कळ आज्ञावल्या सुरू होताना संगणकाचा वेग मोजीत. यंत्र फार वेगवान निघाले की भागाकाराचे उत्तर ठरलेल्या जागेत मावत नसे, आणि ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश देऊन आज्ञावली तेथेच प्राण सोडी. डॉसबॉक्समध्ये वेग मुद्दाम कमी करता येतो, म्हणजे तो अडसर दूर होतो. तथापि सोंग ते सोंगच. बाहेरच्या दिव्याला अचूक क्षणी वीज देण्याचे काम असेल तेथे त्याच्यावर विसंबता येत नाही.

डॉसबॉक्सचा विषय निघाला की भारतातील श्रोत्यांना टर्बो सीची निळी चौकट आठवल्यावाचून राहणार नाही. बोरलँड कंपनीची ही आज्ञावली १९८७ सालची. मूळ देशांत ती केव्हाच विस्मृतीत गेली, पण आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत ती डॉसबॉक्सच्या आधाराने पुढेही कित्येक वर्षे नांदली. येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेले यंत्र चालते राहावे म्हणून टर्बो सी सांभाळणे हे शहाणपणाचे आहे. परंतु नव्या विद्यार्थ्याला तीच एक शिकवणे म्हणजे जतन नव्हे, तो निव्वळ आळस आहे. सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले. त्यापूर्वीच्या चालीरीती अंगवळणी पडलेल्या मुलाला पुढे त्या प्रयत्नपूर्वक विसराव्या लागतात.

तिसरा मार्ग आज्ञावलीच दुरुस्त करण्याचा, आणि तो ज्याच्याजवळ तिचा मूळ लेख आहे त्यालाच मोकळा असतो. इटलीतील इव्हरेआ येथे २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनो या छोट्या फलकाची कथा या बाबतीत मनन करण्यासारखी आहे. २०११ अखेरीस त्याच्या लेखनसाधनाची १.० ही आवृत्ती निघाली आणि त्यात मूळ शीर्षक-फायलीचे नाव बदलले; ‘डब्ल्यूप्रोग्रॅम’ होती ती ‘आर्डुइनो’ झाली. एवढ्याशा बदलाने तोवर लिहिलेल्या असंख्य पूरक आज्ञावल्या अडखळल्या. परंतु त्या सर्वांचा मूळ लेख खुला असल्यामुळे उपायही तितकाच लहान होता. आवृत्ती शंभर किंवा पुढची असेल तर नवे नाव वाच, नसेल तर जुने, अशा चार-पाच ओळी वर जोडल्या की काम भागे. लेखकाचा पत्ता नसला तरी हे काम दुसऱ्या कोणालाही करता आले, आणि लोकांनी ते केलेही.

मूळ लेख नसला की काय होते, हे त्याच फलकावरील चिपेकडे पाहिले म्हणजे कळते. आर्डुइनो युनोवरील एटीमेगा ३२८ या चिपेत लिहिलेली आज्ञावली पंचवीस अंश तपमानात शंभर वर्षे टिकेल, असे निर्मात्याच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. म्हणजे यंत्र चालत राहील. पण टाकी नव्वद टक्क्यांऐवजी ऐंशी टक्के भरताच पंप थांबावा असे वाटले, तर तो आकडा बदलणार कोठे? कुलूप घातलेले नसेल तर चिपेतून अंकांची रांग परत काढता येते. परंतु ज्या भाषेत माणसाने विचार केला तो लेख, त्यातील नावे आणि टिपा, त्या रांगेत नसतात.

आणि आज्ञावलीपेक्षाही अधिक जपण्याजोगे असते ते तिने तयार केलेले काम. ईगल या आज्ञावलीचे उदाहरण ताजे आहे. जर्मनीतील कॅडसॉफ्ट कंपनीने १९८८ साली ती काढली. सर्किटाचा नकाशा रेखाटणे आणि त्यावरून तांब्याच्या रेषांचा फलक आखणे हे तिचे काम. विनामूल्य आवृत्तीत शंभर गुणिले ऐंशी मिलिमीटरपर्यंतचा दोन थरांचा फलक आखता येई. छंदाला तेवढे पुरेसे होते. आर्डुइनोचे स्वतःचे नकाशेही ईगलमध्येच प्रसिद्ध झाले. २०१६ साली ऑटोडेस्कने ईगल विकत घेतली, पुढच्या वर्षी ती एकदा विकत घेऊन कायम वापरण्याऐवजी वर्गणी भरून वापरावयाची झाली, आणि २०२३ साली असे जाहीर करण्यात आले की, ७ जून २०२६ नंतर तिची विक्री व साहाय्य राहणार नाही. जगभरच्या हौशी माणसांचे तीन दशकांचे नकाशे त्या फायलींत आहेत.

ते वाचले, याचे श्रेय एका निर्णयाला दिले पाहिजे. सहाव्या आवृत्तीपासून ईगलच्या फायली साध्या मजकुराच्या, उघड रचनेच्या झाल्या होत्या. त्यामुळे फ्रान्समधील ग्रेनोबल येथे जाँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केलेल्या कायकॅड या खुल्या आज्ञावलीला त्या वाचता येऊ लागल्या. २०१८ च्या तिच्या पाचव्या आवृत्तीत ही सोय आली. याच कायकॅडचा उपयोग करून मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्पाने ई-सिम ही विनामूल्य आज्ञावली भारतीय विद्यार्थ्यांना दिली आहे. सहाव्याच्या आधीच्या फायली मात्र गूढ अंकरूपात आहेत. त्या आधी ईगलच्याच एखाद्या पुढच्या आवृत्तीत उघडून पुन्हा साठवाव्या लागतात, आणि हे काम ती आवृत्ती कोठेतरी चालू स्थितीत आहे तोवरच होऊ शकते. ज्याच्याजवळ सहावी-सातवी आवृत्ती आणि तिच्या परवान्याची फाइल आहे, त्याने ती टाकून देऊ नये. फलक छापून घेण्यासाठी पाठवण्याच्या गर्बर फायली असल्या म्हणजे झाले, असे कित्येकांना वाटते. परंतु त्यांत रेषा कोठे आहेत एवढेच असते. ती रेषा तेथे का आहे आणि कोणत्या भागाला काय म्हणावयाचे, हे नकाशातच असते.

म्हणून यंत्राच्या डब्यात नकाशाची एक कागदी प्रत घडी करून ठेवावी. कोणत्या आज्ञावलीची कोणती आवृत्ती वापरली, कोणत्या पूरक आज्ञावल्या घेतल्या, हे तिच्या पाठीवर शाईने लिहावे. पूरक आज्ञावल्या जाळ्यावर मिळतील या भरवशावर न राहता त्यांची नक्कल प्रकल्पाच्याच फायलींत ठेवावी. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा पसारा खाली काढतात, तसे वर्षातून एकदा ते जुने नकाशे उघडून पाहावेत. कायकॅडसारख्या खुल्या आज्ञावलीतही नवी आवृत्ती जुनी फाइल उघडते, पण नवीत साठवलेली फाइल जुनीला उघडता येत नाही. तेव्हा नव्या आवृत्तीत साठवण्यापूर्वी मूळ फायलीची प्रत बाजूला काढून ठेवावी.