दुखणें खरें, रोग नाहीं

शाळेची वेळ झाली कीं मुलाचें पोट दुखूं लागतें, हा अनुभव ज्या घरास आलेला नाहीं असें घर विरळाच. आई ओवा चावावयास देते, आजी बेंबीभोंवतीं हिंगाचा लेप लावते, आणि एवढ्यानें न भागलें तर मीठमोहऱ्यांनीं दृष्टही काढली जाते. शाळेची घंटा होऊन जाते आणि तासाभरानें तेंच मूल गॅलरींत खेळतांना दिसतें. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हें शुद्ध ढोंग आहे. दुसरा म्हणतो, पोटांत कांहीं तरी मोठा रोग दडलेला असला पाहिजे. दोन्ही पक्षांचें मुलावर सारखेंच प्रेम असतें, आणि पुष्कळदां दोघांचीही चूक होते.

प्रथम ढोंगाचा विचार करावा. ढोंगांत वेदना नसते, वेदनेचें नाटक असतें. चिंतातुर मुलाची वेदना खरी असते. फक्त तिचें मूळ व्रणांत किंवा जंतूंत नसतें. भीतीनें पोटांत गोळा येणें, घशाला कोरड पडणें, हातपाय गार पडणें, हे मराठींतले नित्याचे प्रयोग केवळ अलंकार नव्हेत. तीं शरीराच्या स्थितीचीं यथार्थ वर्णनें आहेत. हार्वर्ड विद्यापीठांतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९ व्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांच्या साहाय्यानें मांजरांच्या जठराचें निरीक्षण केलें. मांजर चिडलें वा घाबरलें कीं जठराची हालचाल थांबे. तें शांत झालें कीं ती पुन्हां सुरू होई. संकट दिसतांच शरीर झुंजीस किंवा पलायनास सिद्ध होतें आणि पचनाचें काम मागें पडतें, हें त्यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर मांडलें. वाघापुढून पळणाऱ्यास ही व्यवस्था तारक खरी. परंतु बाकावर निमूटपणें बसून तोंडी परीक्षेची वाट पाहणाऱ्या मुलाला ना पळतां येतें, ना झुंजतां येतें. शिवाय आंतड्यांच्या भिंतींत १० कोटींहून अधिक मज्जापेशी असतात व त्यांचा मेंदूशीं अखंड संदेशव्यवहार चालतो. चिंता रोजचीच झाली म्हणजे ही यंत्रणा हळवी बनते, आणि इतरांस जाणवणारही नाहीं इतका वायूचा ताण त्या मुलास कळ होऊन जाणवतो.

हा प्रकार विरळा नाहीं. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली व त्यांच्या सहकारी नोरा नेश यांनीं १,००० शाळकरी मुलांची पाहणी करून ती १९५८ सालीं प्रसिद्ध केली. निदान तीन महिन्यांच्या काळांत किमान तीन वेळां, नित्याच्या व्यवहारांत व्यत्यय येण्याइतकें पोट दुखलेलीं मुलें त्यांनीं वेगळीं काढलीं. तीं दर दहांत एकाहून थोडीं अधिकच भरलीं. त्यांत हळव्या, भित्र्या, चिंता करणाऱ्या मुलांचें प्रमाण मोठें होतें, आणि शारीरिक विकार मात्र थोड्यांच्याच ठिकाणीं सांपडला. ॲपली यांचा एक ठोकताळा आजही सांगितला जातो : दुखणें बेंबीपासून जितकें दूर, तितका शारीरिक विकाराचा संशय अधिक.

परंतु ठोकताळा म्हणजे निदान नव्हे. वजन घटणें, वाढ खुंटणें, वरचेवर ताप येणें, शौचांतून रक्त पडणें, पुनःपुन्हां किंवा हिरवट ओकारी होणें, कळेनें रात्रीं झोपेंतून जाग येणें, सांधे सुजणें, डोकेदुखीबरोबर सकाळीं उलटी होणें किंवा दृष्टींत फरक पडणें, यांपैकीं कांहींही आढळल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. तसें नसलें तरीही एकदां नीट तपासणी करून घ्यावी. मात्र ती निर्दोष ठरल्यावर या दवाखान्यांतून त्या दवाखान्यांत, एका सोनोग्राफीवरून दुसरीकडे असें मुलास फिरवूं नये. प्रत्येक नवी चांचणी त्याच्या मनावर एकच गोष्ट ठसविते : आपणांस कांहीं तरी भयंकर झालेलें आहे आणि तें मोठ्या माणसांनाही सांपडत नाहीं.

त्याऐवजीं घरांत एक वही ठेवावी. दुखणें कोणत्या वारीं, कोणत्या वेळीं आलें, आदल्या दिवशीं काय घडलें, हें थोडक्यांत टिपावें. तीन-चार आठवड्यांत वही बोलूं लागते. सोमवारच सारखा येतो, किंवा गणिताच्या चांचणीचा दिवस, किंवा शाळेच्या बसमधून जाण्याचे दिवस. कधीं त्रास देणारा एखादा दांडगा मुलगा निघतो. कधीं शाळेचें शौचालय अस्वच्छ म्हणून मुलगी दिवसभर पाणीच पीत नाहीं. कधीं शाळेचा संबंधच नसतो. घरांत रात्रीं चढलेले आवाज किंवा आजीचें आजारपण मुलाच्या मनांत घर करून बसलेलें असतें. आठ वर्षांच्या मुलास ‘मला चिंता वाटते’ असें वाक्य सुचत नाहीं. ‘पोट दुखतें’ हें येतें. अशा मुलास खोटारडें ठरविलें तर त्याचें दुखणें थांबत नाहीं. त्याचें सांगणें मात्र थांबतें. हानि होते ती येथें.

मग करावें काय? लिन वॉकर यांनीं अमेरिकेंतील व्हॅंडरबिल्ट विद्यापीठांत केलेला एक प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. मुलांना पोट तुडुंब होईपर्यंत पाणी पाजलें गेलें. कांहीं पालकांनीं दुखण्याची सारखी विचारपूस केली, कांहींनीं बोलणें दुसऱ्या विषयाकडे वळविलें. विचारपूस झाली तेथें तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या. लक्ष वळविलें तेथें त्या निम्म्यावर आल्या. आजारी मुलांच्या पालकांना मात्र उलटच भीति वाटत होती, कीं लक्ष वळविल्यानें मुलास दुःख होईल.

याचा अर्थ दुर्लक्ष करावें असा नव्हे. ‘दुखतें आहे हें खरें, डॉक्टरांनीं तपासलें आहे, धोका नाहीं, हळूहळू थांबेल,’ असें एकदां शांतपणें सांगावें, आणि मग पोटाची चौकशी थांबवून दप्तर भरावयास घ्यावें. शाळा शक्य तों चुकवूं नये. एक चुकलेला दिवस दुसऱ्या दिवसाची भीति वाढवितो. फार दिवस खंड पडला असेल तर वर्गशिक्षकांस भेटून अर्ध्या दिवसानें आरंभ करावा. घरीं राहावेंच लागलें तर तो दिवस विश्रांतीचा असावा, मोबाईलचा व खाऊचा नसावा. मात्र वहींत जें कारण सांपडलें असेल त्याचा बंदोबस्त आईबापांनीं स्वतः करावा. दांडगाई चालूं ठेवून मुलास धीराचा उपदेश करणें व्यर्थ आहे. एवढ्यानें गुण न आल्यास बालमानसतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. विचार व वर्तन यांना वळण लावणाऱ्या उपचारांनीं अशा मुलांस लाभ होतो. २०२२ सालीं सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर पालकांनाही विचारतां येतें.

गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात, आणि मधून मधून परीक्षेच्या सुमारास दुखणें पुन्हां डोकावतें. त्यामुळें खचून जाऊं नये. आपलें म्हणणें खरें मानलें गेलें आहे आणि मोठीं माणसें घाबरलेलीं नाहींत, एवढें मुलाला कळलें, म्हणजे अर्धा उपचार झालाच. उरलेला सातत्यानें साधतो.