रांगेचा हिशेब

कचेरीत आलेला प्रत्येक अर्ज आवक बारनिशीत चढतो. संगणकातील फायलींवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीचे कार्यही काहीसे तसेच आहे. लिनक्समध्ये २००५ पासून ‘आयनोटिफाय’ नावाची सोय आहे. फाईल निर्माण झाली, बदलली वा पुसली गेली की तशी वर्दी रांगेत लागते आणि लक्ष ठेवणारा प्रोग्राम ती क्रमाने उचलतो. या रांगेची मूळ मर्यादा १६,३८४ वर्द्यांची आहे. हजारो उताऱ्यांच्या प्रती एकदम चढविल्या आणि वाचणारा मागे पडला, तर रांग भरते व पुढील वर्द्या टाकून दिल्या जातात. रांग ओसंडली, एवढी खूण तेवढी मिळते. किती वर्द्या गेल्या आणि कोणत्या, हे समजत नाही. त्यांतील एखादी कोणा शेतकऱ्याच्या फेरफाराची असावयाची! (आणि कागद आलाच नाही, असे त्यालाच ऐकावे लागावयाचे.)

म्हणून अशा प्रोग्रामने रांगेची चालू लांबी, आजवरची कमाल लांबी व ती किती वेळा ओसंडली, हे आकडे मागताक्षणी दिले पाहिजेत. लांबी वाढत चालल्याचे दिसले, तर मर्यादा वेळीच वाढविता येते. ओसंडल्यानंतर मात्र संपूर्ण फोल्डर पुन्हा तपासण्यावाचून गत्यंतर नसते.