खिम्याचे यंत्र आणि तराजू
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहण्याची मला सवय नाही. मागच्या बैठकीत, मसाल्याच्या विक्रीतून शिल्लक राहिलेल्या पैशांत खिम्याचे मोठे विजेचे यंत्र घ्यावे आणि नाताळच्या विक्रीसाठी घरगुती सॉसेज करावे, असा ठराव पुढे आला. सगळ्यांचे हात वर गेले, माझा तेवढा गेला नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर दरवर्षी घरी चोरिस करता, मग तुमचाच विरोध?" मला दोन वाक्यांत उत्तर देता येईना. तेव्हा त्यांनी शिक्षा म्हणून मला आज येथे उभे केले आहे. आपल्यातल्या शाकाहारी भगिनींनी थोडी कळ काढावी. तराजूविषयी मी जे सांगणार आहे, ते त्यांच्या लोणच्याच्या बरणीलाही लागू पडेल.

माझ्या सासूबाई गोव्याच्या, सासष्टीतल्या. लग्न होऊन वसईत आल्या त्या चोरिसाची विद्या घेऊनच. आम्ही त्यांना माय म्हणत असू. गोव्यात पावसाळ्यापूर्वी घराघरांतून बेगमी होते. मे महिन्यात मडगावला आणि म्हापशाला त्यासाठी पुरुमेंताचा बाजारही भरतो. त्याच सुमारास आमच्या घरी मायचे चोरिस होत. त्यात यंत्राचे नाव नाही. माय विळीवर बसून डुकराच्या मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करीत, चरबीचे निराळे आणि मांसाचे निराळे. त्यांना जाडे मीठ चोळीत, वर ताट पालथे घालून त्यावर वरवंटा ठेवीत आणि सुटेल ते पाणी काढून टाकीत. मग सुकी मिरची, लसूण, आले, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, हळद हे सारे माडीच्या सिरक्यात वाटून त्यात मांस मुरत ठेवायचे. धुऊन स्वच्छ केलेल्या आतड्यात ते नरसाळ्याने अंगठा दाबदाबून भरायचे, सुतळीने गाठी मारायच्या, उन्हात वाळवायचे आणि शेवटी चुलीवरच्या वाशाला टांगायचे. पुढचे काम धूर करी. जपमाळेसारखी ती लाल माळ श्रावणापर्यंत पुरे.

म्हणजे, मैत्रिणींनो, ज्या पदार्थासाठी आपण यंत्र घ्यायला निघालो आहोत, त्यातला हा एक प्रकार तरी यंत्रावाचूनच होतो. चोरिसाचे मांस यंत्रात घातले तर त्याचा चावा जातो आणि हाती येतो तो निव्वळ तिखट खिमा. ज्यांना फक्त चोरिस करायचे असतील त्यांनी एक चांगली सुरी, एक जाड लाकडी पाट आणि रुंद तोंडाचे नरसाळे घ्यावे. पैसे वाचतील.

आता माझा हात का वर गेला नाही ते सांगते. 1994 सालच्या मे महिन्यात माय गोव्याला गेल्या होत्या आणि चोरिस करायची पाळी प्रथमच माझ्या एकटीवर आली. माय मीठ मुठीने घालीत. मला वाटले, मूठ हे काय माप झाले? मी शिकलेली बाई! माझ्याजवळ एक इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यात किलोला पाच चमचे मीठ लिहिले होते. मी मोजून पाच सपाट चमचे घातले, पण आमच्या घरातले मिठागराचे जाडे मीठ. बारीक मिठाचा सपाट चमचा सहा ग्रॅमच्या आसपास भरतो. जाड्या मिठाच्या खड्यांमध्ये पोकळी राहते, तोच चमचा चार ग्रॅमही भरत नाही. त्यातून त्याच वर्षी आम्ही मागची चूल काढून सगळा स्वयंपाक गॅसवर आणला होता. धूर गेला, तो आपल्याला लागत होता हे कुणाच्या ध्यानातही आले नाही. आणि पाऊस लवकर आला.

पंधरा दिवसांत माळेला बुळबुळीत तार सुटू लागली. मी काय केले असेल? टाकायला जीव होईना. सिरक्याने धुऊन, कांदा-बटाटा घालून कालवण केले आणि वाढले. त्या रात्री घरातल्या सगळ्यांचीच पोटे बिघडली, पण माझा सात वर्षांचा मुलगा सकाळपर्यंत डोळे उघडीना. दोन रात्री त्याला सलाईन लावून ठेवावे लागले. तिसऱ्या दिवशी त्याने पाणी मागितले तेव्हा मला रडू आले, त्याआधी आलेच नव्हते.

माय परत आल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उरलेली माळ परसात खड्डा खणून चुना टाकून पुरली. मग मला घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेल्या आणि त्याच्या तराजूत आपली मूठभर मीठ घातले. साठ ग्रॅम भरले. पुन्हा घातले, पुन्हा साठच्या जवळपास. "दोन किलोला एक मूठ," त्या म्हणाल्या. म्हणजे किलोला तीस ग्रॅम. मग माझी मूठ घातली. माझी जेमतेम चाळीस भरली. मायची मूठ हाच त्यांचा तराजू होता. माझ्यापाशी ती मूठही नव्हती आणि तराजूही नव्हता; होता तो चमचा.

म्हणून माझे पहिले मागणे तराजूचे आहे. आपल्या मंडळाने एक तराजू पाच किलोपर्यंतचा, ग्रॅम दाखवणारा घ्यावा, आणि दुसरा सोनाराच्या काट्यासारखा लहान, ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा. ताज्या सॉसेजला किलोमागे पंधरा ते अठरा ग्रॅम मीठ पुरते. वाळवायच्या मालाला पंचवीस ते तीसहून कमी चालत नाही. लहान काटा मसाल्यासाठी तर आहेच, पण त्याहून मोठे कारण निराळे आहे. धूर देऊन किंवा सावकाश वाळवून करायच्या सॉसेजमध्ये परदेशात एक औषधी मीठ घालतात. साध्या मिठात 6.25 टक्के सोडियम नायट्राइट मिसळलेले असते आणि ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी रंग दिलेला असतो. किलोमागे त्याचे प्रमाण अडीच ग्रॅम. ते जास्त झाले तर विष, आणि कमी झाले तर दुसरेच विष. त्यातून आपल्याकडे सैंधवही गुलाबी! दोन्ही डबे एका फळीवर ठेवणाऱ्या बाईची मला रात्री झोप लागायची नाही.

दुसरे विष म्हणाले, ते काय? वारा न लागणाऱ्या जागी वाढणारा एक जंतू आहे, बॉट्युलिझमचा. हे नावच मुळी सॉसेजवरून पडले आहे. लॅटिन भाषेत बॉट्युलस म्हणजे सॉसेज. 1895 साली बेल्जियममधल्या एलझेल गावी एका अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या वादकांनी मुरवलेले डुकराचे मांस खाल्ले आणि त्यांतले तिघे दगावले. त्याच प्रकरणाचा तपास करताना व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञाला तो जंतू सापडला. वास येत नाही म्हणून माल चांगला, असे या जंतूच्या बाबतीत म्हणता येत नाही. माझे चोरिस निदान वास तरी मारीत होते!

माझे दुसरे मागणे, टोचून पाहायचा तापमापक. खिम्याच्या पदार्थाच्या अगदी मध्यभागी 71 अंश सेल्सियस उष्णता गेली पाहिजे. कोंबडीच्या मांसाला 74. अखंड तुकड्याचे जंतू बहुधा वरच्या अंगाला असतात, खिमा केला की ते आत शिरतात. वरून तांबूस झाले म्हणून आत शिजले असे समजू नये. डुकराच्या मांसाला तर पट्टकृमीचेही भय असते. मांसात साबुदाण्यासारखे पांढरे दाणे दिसले तर ते खाटकाला परत करावे, लाजू नये. फ्रिजमध्येही एक साधा तापमापक ठेवावा. चार अंशांच्या खाली आहे असे आपण समजतो, पण उन्हाळ्यात दार उघडून उघडून ते दहावर गेलेले मी पाहिले आहे.

इतके झाल्यावर यंत्राकडे वळू. खिम्याच्या यंत्रांना नंबर असतात: पाच, आठ, दहा, बारा, बावीस, बत्तीस. नंबर जितका मोठा तितके तोंड आणि जाळी मोठी. चार माणसांच्या घराला आठ किंवा दहा नंबरचे, हाताने फिरवायचे, टेबलाच्या कडेला पकडीने बसणारे यंत्र भरपूर झाले. घ्यायला जाल तेव्हा टेबलाची जाडी मोजून जा. मी तसे न करता गेले होते आणि वर्षभर ते यंत्र विरजणाच्या भांड्याशेजारी शोभेला उभे होते.

कशाचे घ्यावे? जुनी यंत्रे बिडाची, वरून कथलाचा मुलामा असलेली. म्हणजे आपल्या कल्हईचीच बहीण. ती उत्तम, पण धुऊन लगेच कोरडी करावी लागतात. मुलामा उडून गंज धरला की खाण्याच्या कामाची राहत नाहीत. अल्युमिनियमची हलकी असतात. आतून पांढऱ्या फडक्याने पुसून पाहा, फडके काळे आले तर तो काळा रंग सॉसेजमध्येही जातो. परवडले तर स्टीलचे घ्यावे.

विजेचे यंत्र घेताना खोक्यावरच्या वॅटला भुलू नये. पुष्कळदा तो मोठा आकडा यंत्र अडकून पडल्यावर ओढेल त्या विजेचा असतो, कामाच्या विजेचा आकडा खाली बारीक अक्षरांत शोधावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतला मळसूत्री दांडा, पाते, जाळी, सगळे हाताने सुटते का आणि दांड्याच्या मागच्या खाचेपर्यंत ब्रश पोचतो का, हे दुकानातच उघडून पाहावे. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही. जे धुता येत नाही त्यात आदल्या वेळचे मांस राहणारच.

आणखी एक. पात्याची सपाट बाजू जाळीकडे हवी. मी पहिल्यांदा उलटे बसवले तेव्हा खिम्याऐवजी करड्या रंगाचा गोळा बाहेर आला आणि शिरा दांड्याला गुंडाळल्या गेल्या. यजमान म्हणाले, "हे काय, पुट्टी केलीस की काय?" यंत्राचे लोखंडी भाग अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, मांसही बोटांना बोचेल इतके थंड असावे. चरबी गरम झाली की ती कापली जात नाही, फासली जाते. मग तव्यावर तूप वेगळे आणि भुसा वेगळा. शेवटी पावाचा एक तुकडा फिरवावा म्हणजे आतला खिमा बाहेर येतो. मिक्सरमध्ये होणार नाही का, असे पुष्कळ जणी विचारतात. कोंबडीचे मांस अर्धवट गोठवून, थोडे थोडे, थांबून थांबून फिरवले तर होते, पण सवय लागेपर्यंत चटणीच होईल.

भरण्याचे काम खिम्याच्या यंत्राला नळी लावूनही होते, पण पाते काढून ठेवावे, नाहीतर तोच माल दुसऱ्यांदा दळला जातो. मंडळाने काही मोठे घ्यायचेच असेल तर विजेच्या यंत्राआधी दांड्याने दाबून भरायचे, तीन किलोचे उभे नळकांडे घ्यावे. त्यात हवा कमी शिरते आणि दोघींचे काम एकटी करते. मिठात ठेवलेली आतडी तासभर कोमट पाण्यात भिजवून, आतून नळाचे पाणी सोडून धुवावी. डुकराचे आतडे ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी बकऱ्या-मेंढ्यांचे, बारीक सॉसेजला शोभणारे, मिळते.

आता ठरावाविषयी. वाळवलेला, धुराचा माल विकायला मी या वर्षी तयार नाही. आपल्यापैकी कुणाकडे धुराची चूल राहिलेली नाही, आणि सदनिकेतल्या दोरीवर टांगलेल्या माळेच्या भरवशावर मी दुसऱ्याच्या मुलाला वाढणार नाही. ताजे सॉसेज करू, कोंबडीचे आणि डुकराचे, भांडी आणि दिवस दोन्ही निराळे ठेवून. त्याच दिवशी गोठवू आणि पुडीवर तारीख व "पूर्ण शिजवून खावे" असे लिहू. विक्रीसाठी सरकारी अन्ननोंदणीही काढावी लागेल. ते काम चिटणीसबाईंनी घ्यावे, त्यांचे अक्षर चांगले आहे.

तोपर्यंत माझे दहा नंबरचे यंत्र मंडळाला वापरायला आहे. ते उघडायचे कसे, धुवायचे कसे ते पाहायला येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर ज्यांना सवड असेल त्यांनी माझ्याकडे यावे. मांस मी आणून ठेवते; जाडे मीठ आणि बारीक मीठ मात्र प्रत्येकीने आपापल्या घरचे मूठभर घेऊन यावे, तराजू टेबलावर मांडलेला असेल.