भाकरी न सोडता

वजन कमी करायचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘काय सोडायचं?’ भात सोडायचा, साखर सोडायची, बटाटा सोडायचा, रात्रीचं जेवण सोडायचं. सोडायची यादी जेवढी लांब तेवढा आहार खरा, असा एक समज पक्का बसला आहे. मला त्याच्या उलट बाजू मांडायची आहे. पहिल्या महिन्यात किती किलो उतरले, यावरून आहाराची परीक्षा करू नये. लग्नसराई, श्रावण, दिवाळी आणि पुन्हा लग्नसराई असं अख्खं वर्ष तो घरात टिकला का, यावरून करावी. आणि टिकायचा असेल तर तो सगळ्या घराच्या एकाच पातेल्यातून निघाला पाहिजे.

सोडणं जमत नाही, याचा दोष आपण माणसाच्या मनाला देतो. ‘जिभेवर ताबा नाही’ असं सहज बोलून जातो. पण 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा काय घडलं ते पाहा. ही माणसं स्वखुशीने आलेली, ध्येयवादी. तरीही त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नच घोळू लागलं. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. 2011 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 50 जाड व्यक्तींना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला आणि वर्षभरानंतर त्यांचं रक्त तपासलं. भूक वाढवणारी आणि पोट भरल्याचं सांगणारी संप्रेरकं तोवरही पूर्वपदावर आलेली नव्हती. शरीर उपासमारीची नोंद ठेवतं आणि भरपाई मागतं. तेव्हा कडक पथ्य मोडणाऱ्याला आळशी म्हणण्याआधी पथ्य लिहून देणाऱ्यानेच जरा विचार करावा.

मग कोणता आहार चांगला? 2005 मध्ये 160 जणांवर चार गाजलेल्या आहारपद्धती ताडून पाहिल्या गेल्या. किती वजन उतरलं हे पद्धतीच्या नावावर ठरलं नाही, कोणी किती पाळली यावर ठरलं. 2018 मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी 609 जणांना दोन गटांत विभागलं, एकाला कमी स्निग्धाचा आहार, दुसऱ्याला कमी पिष्टाचा. वर्षाअखेर एका गटाचं सरासरी 5.3 किलो उतरलं, दुसऱ्याचं 6. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. मला यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांतल्या कोणालाही उष्मांक मोजायला सांगितलं नव्हतं. भाज्या भरपूर खा, वरून घातलेली साखर आणि मैदा कमी करा, एवढं मात्र दोघांनाही सांगितलं होतं.

आता आपल्याकडे या. 2018 च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी एकच वाद चालला होता, दीक्षित की दिवेकर? लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून दोन वेळच्या जेवणाचा कार्यक्रम लोकांपुढे ठेवला: कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखा, तेव्हा 55 मिनिटांच्या आत जेवा, मधे काही नाही, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचं सांगणं याच्या दुसऱ्या टोकाला: थोडं थोडं, पण अनेकदा खा. लोक भांडले ते घड्याळावरून. ताटावरून भांडण नव्हतंच, हे फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही. भाकरी, वरण, भात, तूप यांतलं काहीच दोघांनी हद्दपार केलं नव्हतं. मराठवाड्यात दीक्षितांचा कार्यक्रम पसरला तो मला वाटतं याचमुळे. सुनेला वेगळा स्वयंपाक करावा लागत नव्हता, नवं काही विकत आणायचं नव्हतं. बंद झाला तो गोड चहा आणि येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा. कमी वेळा खाल्लं की इन्शुलिन कमी स्रवतं आणि वजन उतरतं, या दीक्षितांच्या उपपत्तीला किती श्रेय द्यायचं, हा वेगळा प्रश्न. चीनमधल्या ग्वांगझू इथे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत खाण्याच्या वेळा आखूनही, नुसते उष्मांक कमी करणाऱ्यांपेक्षा म्हणण्यासारखं जास्त वजन उतरलं नाही. पण घड्याळाचं कुंपण सोपं असतं, आणि कित्येकांना ते पुरतं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. रक्तातली साखर एकदम खाली गेली तर जिवावर बेतू शकतं.

आता ताटाकडे वळू, आणि उदाहरणादाखल जालन्याचा हिशेब मांडू. औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात पाळीवर जाणारा असो की बियाणे कंपनीच्या कार्यालयात बसणारा, दिवसाला पाच कप चहा ही काही नवलाची गोष्ट नाही. कपाला दोन चमचे साखर धरली तर पन्नास ग्रॅम, म्हणजे 200 उष्मांक, आणि पोटाला आधार शून्य. दुसरी गोष्ट ताटातल्या प्रमाणाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या आहारातले सुमारे 62 टक्के उष्मांक पिष्टातून येतात. ज्वारी चांगली, पण पिठाच्या उष्मांकांत ती गव्हापेक्षा फार हलकी नाही. तीन भाकरी, ठेचा आणि वर वाटीभर तर्री हे ज्वारीचं असूनही पिष्टाचं आणि तेलाचंच जेवण. एक भाकरी कमी करून तिच्या जागी घट्ट वरण, मटकीची उसळ, डाळ घालून केलेली पालेभाजी आली, तर पोट तेवढंच भरतं. उन्हाळ्यात घरोघरी वाळवणं घातली जातात. त्यातले डाळीचे सांडगे रश्शात जातात आणि प्रथिनं देतात. कुरडया-पापड तळणीत जातात. एकाच गच्चीवर दोन्ही वाळतात, निवड आपली.

‘भाजी परवडते का?’ असं कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. पावसाच्या भरवशावरच्या जिल्ह्यात मे महिन्यात मेथीची जुडी महागते. पण हरभरा, मूग, मटकी, तूर आपल्याच रानातली, आणि पाकिटातल्या फरसाणापेक्षा ती खचित स्वस्त पडतात. दुसरा आक्षेप उपवासाचा: आम्ही एकादशी करतो, संकष्टी करतो, तरी वजन उतरत नाही. साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, तूप आणि बटाटा यांची बेरीज केली की ‘एकादशी दुप्पट खाशी’ या म्हणीचा अर्थ आपोआप कळतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. अशा मवाळ आहाराने वर्षात चार-पाच किलो उतरणार, त्याने काय साधणार? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 जणांवर केलेला, 2006 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याचं उत्तर देतो. आहार आणि चालणं सुधारलेल्या गटात तीन वर्षांत मधुमेहाचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात फारशी घट नसताना. काट्यावर सगळं दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या जोडीची तुलना 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन सारखंच. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. म्हणून आपल्यासाठी कंबरेचा घेर जास्त बोलका: पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, याच्या पुढे गेला की सावध व्हावं.

शेवटी घरातल्या बाईविषयी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे 23 टक्के बायका जास्त वजनाच्या, 20 टक्क्यांच्या वर कमी वजनाच्या, आणि निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे एकाच चुलीभोवती जाडी आणि अशक्तपणा शेजारी बसतात, कधी एकाच देहात. सर्वांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला ‘कमी खा’ म्हणणं हा सल्ला नव्हे. तिच्या ताटात वरण आणि भाजी आधी पडली पाहिजे. तेव्हा घरी गेल्यावर कोणाची भाकरी काढून घेऊ नका. आज रात्री सगळ्यांनी एकत्र पंगतीला बसा, उसळीचं पातेलं मोठं ठेवा आणि उद्याच्या चहात एक चमचा साखर कमी घाला.