कांद्याचा प्रवास आणि अधिकारांची विभागणी

नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या चाळीतून निघालेला कांदा परदेशी बाजारपेठेत पोहोचेपर्यंत दोन शासनांच्या अधिकारक्षेत्रांतून जातो. या दोहोंमधील सीमारेषा नेमकी कोठे आहे, हा प्रश्न मात्र बहुधा संकट ओढवल्यावरच विचारला जातो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघ सूची, राज्य सूची व समवर्ती सूची दिलेल्या आहेत. शेती आणि बाजार हे राज्य सूचीतील विषय होत. म्हणूनच लासलगावची कृषी उत्पन्न बाजार समिती महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याखाली चालते. लिलाव, तोलाई, व्यापाऱ्याचा परवाना, शेतकऱ्याची थकलेली रक्कम, या तक्रारींची दाद राज्याच्याच यंत्रणेकडे मागावयाची असते.

कांद्याचा ट्रक बंदराच्या दिशेने वळला की चित्र पालटते. विदेश व्यापार, निर्यातशुल्क व मोठी बंदरे हे सारे संघ सूचीत आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच थांबविली. लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग रोखला गेला. परंतु ज्या आदेशाविरुद्ध हा रोष होता, त्यातील एक शब्दही बदलण्याचा अधिकार तहसीलदारांना नव्हता. मंत्रालयातील मंत्र्यांनाही नव्हता.

समवर्ती सूचीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने खाद्यपदार्थांचा व्यापार, पुरवठा व वितरण हे विषय तीत व्यापकपणे आले आणि १९५५ चा जीवनावश्यक वस्तू अधिनियम त्या आधारावर उभा राहिला. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्यांवर २५ टन साठ्याची मर्यादा घातली ती केंद्राने. गोदामे तपासावयाची ती राज्याच्या पुरवठा खात्याने. साठा करता येत नाही म्हणून व्यापारी लिलावात उतरेनात, आणि ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी आवारातच अडकला. समवर्ती विषयात दोन कायद्यांचा विरोध आल्यास अनुच्छेद २५४ नुसार सामान्यतः संसदेचाच कायदा टिकतो.

शहरातील ग्राहकाला कांदा परवडावा, हा केंद्राचा हेतू गैर म्हणता येणार नाही. तथापि ग्राहक देशभर विखुरलेला आणि उत्पादक मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेला. भार कोणावर अधिक पडतो हे उघड आहे.

अशा वेळी राज्याच्या हाती उरते ती तिजोरी. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळले तेव्हा महाराष्ट्राने क्विंटलला ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. त्याने तोट्याचा काही भाग भरून निघाला. भाव मात्र सावरला नाही.

निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी किमान निर्यातमूल्याच्या अटीसह उठली आणि शुल्क १ एप्रिल २०२५ पासून संपुष्टात आले. दोन्ही निर्णय दिल्लीचेच. ग्रामसभेचा ठराव लिहिणाऱ्या सदस्यांनी म्हणूनच पत्ता पाहून लिहावा: बाजार समितीविषयीचा ठराव जिल्हा उपनिबंधकांकडे व आमदारांकडे, निर्यातबंदीविषयीचा खासदारांमार्फत केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाकडे, आणि निर्यातशुल्काचा अर्थ मंत्रालयाकडे.