पाणी पोटाला, तेल अंगाला



मी सातवी शिकलेली बाई. विचारून-वाचून जे उमगले, तेवढेच आपल्यापुढे मांडते.

थंडी पडली की टाचांना भेगा पडतात, पोटऱ्या फुटतात. मग कोणी तरी म्हणतेच, "पाणी कमी पितेस गं!" ह्यात तथ्य किती, ते पाहू.

अंगातले पाणी कातडीतून दोन वाटांनी जाते. एक वाट घामाची, ती दिसते. दुसरी दिसत नाही. घाम नसतानाही कातडीतून पाण्याची वाफ रात्रंदिवस निघत असते. मोठ्या माणसाचे असे दिवसाला ३०० ते ४०० मिलिलिटर, म्हणजे दोनेक पेले पाणी जाते. ह्याहून जास्त का जात नाही? कातडीचा अगदी वरचा पापुद्रा मेलेल्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मध्ये स्निग्ध द्रव्य भरलेले असते. कुडाला जसे लिंपण, तसे हे. कढत पाण्याने आणि कडक साबणाने हे लिंपण धुऊन जाते. मग पाणी जास्त निघते आणि कातडी फुटते.

घागरभर पाणी प्यायले म्हणून लिंपण भरून येत नाही. फारच कमी पाणी पिणारीने ते वाढवले, तर कातडीचा ओलावा थोडा वाढेल, एवढेच. म्हणून कोमट पाण्याने न्हावे, अंग नुसते टिपावे आणि ओलसर असतानाच खोबरेल चोळावे.

मग पाणी कमी प्यायले तर चालेल का? मुळीच नाही! आपल्यातल्या कितीतरी जणी बाजाराला किंवा प्रवासाला निघायचे, तर वाटेत सोय नाही म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी घेत नाहीत. पण आपण पाणी तोडले, तरी कातडीतून जाणारे पाणी काही थांबत नाही. उन्हात घामाला पाणी पुरले नाही, तर अंग तापते, चक्कर येते. लघवीची दुखणी होतात ती वेगळीच.

तेव्हा भगिनींनो, फुटलेल्या टाचेला तेल आहे. ते घरात आहे. पण तहान मारणाऱ्या बाईला तेलाचा काय उपयोग? तिला हवे आहे बाजारात एक स्वच्छ, कडी लागणारे शौचालय. ते मिळेपर्यंत आपल्या मंडळाने अर्ज करीत राहावे, अशी माझी विनंती आहे. पहिली सही मी करते.