सुईचें भय

चारचौघांत धीराचे म्हणून गाजलेले एक गृहस्थ रक्त तपासण्यासाठीं दवाखान्यांत गेले आणि सुई दिसतांच पांढरेफटक पडून खुर्चीवरून कोसळले. शेजारीपाजारी हंसले. त्या लाजेनें गृहस्थांनीं दवाखान्याची वाटच सोडली. मधुमेह मात्र अंगांत वाढत राहिला.

ह्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. हा भ्याडपणाहि नव्हे. इतर भयांत छाती धडधडते, रक्तदाब चढतो, म्हणून सहसा मूर्च्छा येत नाहीं. सुई व रक्त ह्यांच्या भयाची तऱ्हा निराळी. येथें नाडी व रक्तदाब आधीं चढतात आणि मग एकाएकीं उतरतात. मेंदूला रक्त कमी पडून डोळ्यांपुढें अंधारी येते. हा स्वभाव पुष्कळदां एकाच घराण्यांत अनेकांच्या ठिकाणीं आढळतो. जें इच्छेच्या ताब्यांतलें नाहीं, त्याबद्दल रागें भरून काय उपयोग?

म्हणूनच अशा माणसाला ‘अंग सैल सोडा’ असें सांगणें उलटें ठरतें. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट ह्यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेली रीत नेमकी ह्याविरुद्ध आहे. दंड, पाय व धड ह्यांचे स्नायु १०–१५ सेकंद आवळून धरावे; चेहऱ्यावर ऊब जाणवली कीं सोडावे; २०–३० सेकंदांनीं पुन्हा आवळावे. असें ५ वेळां करावें. ह्यानें रक्तदाब सांवरतो. सराव घरींच करावा. सुई टोंचतांना तेवढा हात सैल ठेवावा. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मुलांच्या बाबतींत ‘दंगा केलास तर डॉक्टर सुई टोंचतील’ ही धमकी आणि ‘मुळींच दुखणार नाहीं’ ही थाप, दोन्ही टाळाव्या. पहिलीनें डॉक्टरांवरचा विश्वास उडतो, दुसरीनें आईवरचा. ‘क्षणभर टोंचेल, मी जवळच आहे’ असें खरें सांगून मूल मांडीवर घ्यावें व गोष्टींत रमवावें. त्वचा बधिर करणारें मलमहि मिळतें. डॉक्टरांना विचारून तें सुमारें तासभर आधीं लावावें.

ते गृहस्थ पुढें पुन्हा दवाखान्यांत गेले. आपली भीति त्यांनीं डॉक्टरांना आधींच सांगितली, आडवे होऊन रक्त दिलें, थोडा वेळ पडून राहिले आणि चालत घरीं आले. भीति अजून आहे; पण ती सांगतांना आतां त्यांस संकोच वाटत नाहीं, आणि तपासणीहि चुकत नाहीं.